घर मागे घेणारी आर्डिस

आर्डिस क्यूलला कुणी विचारलं, की बाई तुमचं घर कुठे, तर ती आधी खिडकीबाहेर बघते आणि मग उत्तर देते. उगाच चुकीचं सांगायला नको. सोमवारी तिचं घर वायोमिंगात असतं, बुधवारी आयोवात, आणि रविवारी देवाच्या मनात असेल तर एखाद्या अशा गावात, जिथल्या चर्चच्या मागे एवढा मोठा ट्रक उभा करायला जागा मिळते.

लांबून बघणाऱ्याला तो नुसता निळा, लांबलचक ट्रक दिसतो. इतरांच्या ट्रकात ड्रायव्हरच्या सीटमागे जेमतेम एक बाकडं आणि कुबट वासाचं पांघरूण असतं. आर्डिसच्या ट्रकात तिथे खोली आहे. शेगडी आहे, फ्रिज आहे, उभं राहून अंघोळ करता येईल अशी मोरी आहे, आणि दोघांना समोरासमोर बसून जेवता येईल असं टेबल आहे. झोपायच्या वेळी ते टेबल खाली पाडलं की पलंग होतो. गुरुवारी तिथे चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा झणझणीत रस्सा, शिजते आणि सोबत दालचिनीचे गोड रोल भाजले जातात. नेब्रास्काच्या माणसाला हे दोन एकत्र का खातात असं विचारू नये, तो तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघतो.

नेब्रास्कातल्या त्यांच्या गावात अजून बरेच जण समजतात, की नवऱ्याने, लॉइडने, बिचाऱ्या बायकोला राहत्या घरातून उठवून ट्रकात कोंबलं. साफ खोटं. लग्नानंतर पहिली तीस वर्षं लॉइड ट्रकवर आणि आर्डिस घरी. दोन आठवड्यांतून एकदा तो यायचा, धुवायचे कपडे टाकायचा, जेवायचा आणि झोपायचा. पोरगा मोठा झाला, लग्न करून ओमाहाला गेला, आणि एक दिवस आर्डिस त्या चार खोल्यांत उभी राहून स्वतःशीच म्हणाली, की माझा नवरा मला फोनवरच जास्त माहीत आहे. लॉइड घरी आला तेव्हा अंगणात घर विकायची पाटी लागलेली होती. तो म्हणाला, "अगं, मग राहायचं कुठे?" ती म्हणाली, "तू राहतोस तिथे." इंडियानातल्या एका कारखान्यातून त्यांनी ती खोली बांधून घेतली आणि त्यानंतर दोघं एकमेकांना भेटली, असं म्हटलं तरी चालेल.

अशा लांब घराची एकच खोड असते. पुढे जाताना ते राजासारखं जातं आणि मागे येताना रडवतं. माल उतरवायच्या धक्क्यांना ट्रेलर उलटा लावावा लागतो, आणि क्यूल मंडळी नेत ते बहुतेक पियानो, नाहीतर काचेची नाजूक यंत्रं. तिथे हादरा बसून चालत नाही. म्हणून आर्डिस केशरी जाकीट चढवून खाली उतरायची, ट्रेलरच्या मागे उभी राहायची आणि हात करायची. येऊ दे, येऊ दे, इकडे घे, अजून इकडे, बस! लॉइड आरशात तिच्याकडे बघून मागे यायचा. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. ट्रेलर मागे घेताना त्याची शेपूट डावीकडे जायला हवी असेल, तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. शेपूट उजवीकडे हवी तर डावीकडे. हे उलटं गणित लॉइडच्या हातांत मुरलेलं होतं. आर्डिसला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. शेपूट जिकडे जायला हवी तिकडे ती हात करायची. उलटसुलट काय करायचं ते वर बसलेला बघून घेईल.

गेल्या उन्हाळ्यात पंपावर डिझेल भरता भरता लॉइड मटकन खाली बसला. इस्पितळात नेलं, तिथे त्याच्या छातीत एक यंत्र बसवलं. हृदयाने दांडी मारली तर ते यंत्र त्याला ढोसून उठवतं म्हणे. डॉक्टरीण बाई मोठ्या प्रेमळ होत्या. म्हणाल्या, "चाला, मासे धरा, नाचलात तरी हरकत नाही. मोठा ट्रक मात्र आता चालवायचा नाही. तो कायद्यात बसत नाही."

"नाचायला हरकत नाही म्हणे," लॉइड परतताना म्हणाला. "मी जन्मात कधी नाचलोय?"

"माझ्या बहिणीच्या लग्नात नाचला होतास."

"तो नाच नव्हता. पाय मुरगळला होता."

दोघं हसली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "ट्रक नाही चालवायचा तर मग मी कोण गं?" आर्डिसला रडू आलं आणि ती नाक शिंकरायच्या निमित्ताने खिडकीकडे वळली.

व्होंडा प्रुइट त्यांची जुनी मैत्रीण. स्वतःचा ट्रक चालवणारी, ओक्लाहोमाची, खांद्याने रुंद आणि तोंडाने त्याहून रुंद. तिने त्यांचा ट्रक आणून ग्रँड आयलंड गावाच्या पुढे एका काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर उभा करून दिला. जत्रा संपलेली होती, मैदान मोकळं होतं. कमिटीवाले ओळखीचे. म्हणाले, राहा थंडीपर्यंत.

आणि मग केंटचे फोन सुरू झाले. केंट म्हणजे ओमाहाचा पोरगा. गुणी आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. त्याने घराच्या तळघरात आईबापांसाठी खोली सजवली होती. नवा गालिचा घातला, टीव्ही लावला, आणि भिंतीला रंग कुठला देऊ म्हणून आईला रोज विचारत होता. शिवाय ट्रक विकत घेणारं गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं होतं. कॅन्ससचा माणूस. ऑक्टोबरअखेर येऊन ट्रक घेऊन जाणार होता.

"खिडकी आहे ना रे तळघराला?" आर्डिसने विचारलं.

"आहे ना, आई. छताजवळ आहे. उजेड छान येतो."

"आणि त्यातून दिसतं काय?"

केंट जरा घुटमळला. "गवत दिसतं."

"वरून?"

"खालून," केंट म्हणाला.

तिने फोन ठेवला. लॉइड टेबलाशी बसून कॉफी ढवळत होता, साखर केव्हाच विरघळली होती. व्होंडा पायरीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती.

"मी चालवीन," आर्डिस म्हणाली.

"काय चालवशील?" लॉइडने विचारलं.

"घर."

लॉइड हसला. जितकं हसायला हवं होतं त्याच्यापेक्षा जरा जास्तच हसला. व्होंडाने बिया फोडणं थांबवलं आणि त्याच्याकडे असं बघितलं, की त्याचं हसू तिथेच सुकलं.

"तू साठीची झालीस, आर्डिस," तो म्हणाला.

"आणि तू काय शाळेत जातोस?"

"तसं नाही गं. हा केवढा लांब आहे, माहीत आहे ना तुला?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार? झाडते मी तो रोज!"

ठरलं. ऑक्टोबरअखेरच्या आत लायसन्स मिळालं तर ट्रक राहील, नाहीतर कॅन्ससवाल्याचा. लॉइडने हो म्हटलं ते बायको ऐकत नाही म्हणून, तिच्यावर विश्वास होता म्हणून नव्हे. हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं आणि आर्डिसने ते वाचलं. लेखी परीक्षा तिने एका दमात काढली. पुढे चालवायलाही ती पटकन शिकली. व्होंडा शेजारी बसून ओरडायची, आर्डिस उलट ओरडायची, आणि ट्रक दोघींमधून सरळ जायचा. राहिलं होतं ते फक्त मागे घेणं.

व्होंडाला पोटापाण्यासाठी माल न्यायला जावं लागलं. जाताना म्हणाली, "मैदानातल्या मैदानात मागे घ्यायचा सराव करा. मी आले की बघते." लॉइडने घडीच्या खुर्च्या मांडून धक्का केला आणि तो मागे उभा राहिला. केशरी जाकीट त्याला पोटावर होत नव्हतं, त्याने ते तसंच उघडं घातलं. आर्डिस वर बसली. लॉइडने हात केला, आर्डिसने स्टिअरिंग फिरवलं, आणि ट्रेलर लोण्यातून सुरी जावी तसा खुर्च्यांच्या मधोमध येऊन थांबला.

दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. पुन्हा केलं. पुन्हा जमलं. आठवडाभर जमतच गेलं. लॉइडचा चेहरा उजळला. त्याने केंटला फोन करून सांगितलं, "तुझी आई जात्याच ड्रायव्हर आहे रे, आम्ही तिला तीस वर्षं स्वयंपाकात वाया घालवली." आर्डिस मागून ओरडली, "वाया नाही गेली, तू खाल्लीस सगळी!" त्या आठवड्यात ती दोघं नव्याने लग्न झाल्यासारखी होती, आणि मैदानाचा रखवालदार त्यांच्याकडे बघून मान हलवत जायचा.

व्होंडा परत आली. तिला खुर्च्यांमधला ट्रेलर दाखवला. ती म्हणाली, "झकास. आता लॉइड, तू तिथून नीघ आणि इथे येऊन बस."

"का?"

"का म्हणजे? परीक्षेत मागे कुणी उभं राहू देतात होय? तिला एकटीने करायचं आहे."

लॉइड येऊन बसला. आर्डिसने ट्रेलर मागे घेतला आणि पहिल्या फटक्यात तीन खुर्च्या चिरडल्या. दुसऱ्यांदा तो भलतीकडेच वळला आणि मैदानाच्या कुंपणाशी जाऊन भिडला. तिसऱ्यांदा व्होंडाने दोन्ही हात वर करून किंचाळून थांबवला. आठवडाभराचं यश कुठे गेलं ते कुणाला कळेना.

"परत एकदा दोघं मिळून करा," व्होंडा म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून नीट बघत राहिली. ट्रेलर खुर्च्यांत आला. व्होंडाने कपाळावर हात मारला.

"लॉइड, आत्ता शेपूट डावीकडे जायला हवी होती. तू उजवीकडे हात का केलास?"

"कारण स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं होतं!" लॉइड म्हणाला. हे विचारायचं काय, असा त्याचा सूर.

"अरे माझ्या देवा. आणि आर्डिस, तू काय केलंस?"

"त्याने उजवीकडे हात केला, मी उजवीकडे फिरवलं. हात करतात तिकडेच जायचं असतं ना?"

व्होंडा पायरीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. झालं होतं ते असं. लॉइड जन्मभर ड्रायव्हर, तो मागे उभा राहूनसुद्धा मनात स्टिअरिंगच फिरवत होता आणि तिकडेच हात करत होता. आर्डिस इतकी वर्षं हात करणारी, ती वर बसूनसुद्धा हात जिकडे, तिकडे चाक असं करत होती. दोघांची चूक एकमेकांना बरोबर पुरी पडत होती. एकेकट्याला विचाराल तर दोघांनाही काही येत नव्हतं.

"संसार असाच चालतो म्हणा," व्होंडा डोळे पुसत म्हणाली. "पण लायसन्स एकीलाच मिळतं."

लॉइडला काही हसू आलं नाही. त्याने मोडक्या खुर्च्या गोळा केल्या आणि म्हणाला, "मी केंटला सांगतो, कॅन्ससवाल्याला बोलाव."

"खबरदार!" आर्डिस म्हणाली. ती फार कमी वेळा ओरडते, पण ओरडली की मैदान ऐकतं. "तुला हरायचं असेल तर तू हर. अजून महिना संपलेला नाही. आणि तळघरात जायचं तर एकटा जा, मी इथेच चूल मांडून बसेन!"

तो चिरडलेल्या खुर्च्यांपैकी एक ठोकून सरळ करायला बसला. तीच त्याची माफी होती.

व्होंडाने मग आर्डिसला एक युक्ती शिकवली. स्टिअरिंग वरून धरू नकोस, खालच्या टोकाला धर. शेपूट जिकडे जायला हवी तिकडे खालचा हात ने. स्टिअरिंग आपोआप उलटं फिरतं, गणित डोक्यात करावंच लागत नाही. आर्डिसला ते पटलं, हातालाही पटलं. अडचण वेगळीच होती. आरशात बघितलं की तिला कुणी दिसायचं नाही. इतकी वर्षं त्या आरशात कुणीतरी उभं असायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे तीच. आता ती जागा रिकामी. मग तिचा जीव घाबरायचा, हात सुटून वर जायचा, आणि खुर्ची मोडायची. चार वेळा जमायचं, दोनदा फसायचं. परीक्षा देणाऱ्याला हा हिशेब परवडत नाही.

परीक्षेच्या मैदानापर्यंत व्होंडा सोबत आली. लॉइड आणि ती तिथल्या कुंपणाबाहेर एका बाकावर बसली. परीक्षक मिस्टर प्रोहास्का उंच, वाळकुडे, डोक्याला टोपी आणि तोंडाला कुलूप. ट्रकची लांबी बघून ते एवढंच म्हणाले, "हा आणलात?"

"माझं घर आहे हे. दुसरं आणू कुठून?" आर्डिस म्हणाली.

सरळ मागे घेणं जमलं. आता कोनातून वळवून डांबरावर पट्ट्यांनी आखलेल्या धक्क्यात घालायचं होतं. आर्डिस निघाली. अर्ध्यात आरशात बघितलं. पट्ट्यांच्या आत रिकामं डांबर. कुणी नाही. तिचा हात स्टिअरिंगच्या टोकावरून वर सरकला, ट्रेलर भलत्या बाजूला कलायला लागला. तिने ब्रेक दाबला. आता आणखी एक वळण चुकलं असतं तर सगळं संपलं असतं; मग पुढे होता कॅन्ससवाला, तळघर, खालून दिसणारं गवत, आणि बाकावर बसलेला तिचा नवरा, ज्याला आपण कोण हे अजून कळलेलं नव्हतं.

उतरून बघायची दोनदा मुभा असते. बहुतेक माणसं लाजेने ती वापरत नाहीत. आर्डिस उतरली. चालत ट्रेलरच्या मागे गेली आणि जिथे ती नेहमी उभी राहायची तिथे उभी राहिली. तिथून सगळं तिच्या ओळखीचं दिसलं. शेपूट कुठे आहे, कुठे जायला हवी, किती. तिने दोन्ही हात वर केले आणि समोरच्या रिकाम्या ट्रकला हात करायला सुरुवात केली. येऊ दे, येऊ दे. इकडे घे. अजून इकडे. बस.

मिस्टर प्रोहास्का कागद धरून बघत राहिले. "बाई, आत कुणी नाही. हात कुणाला करताय?"

"मला," आर्डिस म्हणाली. "थोडं थांबा, मी आलेच."

ती वर चढली. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला. आरसा रिकामाच होता, पण आता तिथे कोण उभं होतं आणि काय म्हणत होतं, ते तिला चांगलं माहीत होतं. येऊ दे. इकडे. अजून इकडे. ट्रेलर पट्ट्यांच्या मधोमध येऊन थांबला. मिस्टर प्रोहास्कांनी वाकून बघितलं, सरळ झाले, टोपी काढून डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. पुढे रस्त्यावरची परीक्षा झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही, कारण पुढे जाताना ते घर राजासारखं जातं हे मी सांगितलंच आहे.

कुंपणाशी लॉइड उभा होता. तिचा चेहरा बघून त्याला कळलं. तो काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात व्होंडाने दोघांना एकत्र मिठी मारली आणि वर म्हणाली, "रडा आता. मला बिया फोडायच्या आहेत." केंटला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मग त्या खोलीचं काय करू, आई?" आर्डिस म्हणाली, "भाड्याने दे. खिडकी आहे म्हणून सांग."

पहिला माल होता कॅन्ससमधल्या एका कॉलेजच्या संगीत विभागासाठी पियानो. लॉइड शेजारच्या सीटवर बसला. पहिले दोन तास तो पायाने नसलेला ब्रेक दाबत होता. सॅलिना गाव मागे पडल्यावर कंटाळला, आणि मागे जाऊन पलंगावर पट्टा बांधून आडवा झाला. मग मागून एकेक आवाज यायला लागले. "आर्डिस, तो पूल किती सुंदर होता!" "आर्डिस, इथे कुणीतरी शेतात गाढवं पाळलीत!" "आर्डिस, हे सगळं पूर्वीपासून इथे होतं?"

"होतं," ती म्हणाली. "तू रस्ता बघत होतास."

कॉलेजच्या मागचा धक्का अरुंद होता. लॉइड केशरी जाकीट घालून खाली उतरला. आर्डिसने खिडकीतून डोकं बाहेर काढून बजावलं, "आरशात दिसशील असा उभा राहा आणि दोन्ही हात खिशात ठेव. बोट जरी हललं तरी बघ!" तो हात खिशात घालून निमूट उभा राहिला. घर एकदाच मागे आलं आणि धक्क्याला हलकेच टेकलं.

माल घेणारा माणूस बाहेर आला. सहीचा कागद आणि पेन त्याने सरळ लॉइडच्या पुढे धरलं. पांढऱ्या मिशांचा, केशरी जाकिटातला माणूस, दुसरं कोण असणार?

"मस्त लावलात हो ट्रक," तो म्हणाला. "इथे भल्याभल्यांची तारांबळ उडते. ड्रायव्हर तुम्हीच ना?"

आर्डिस ट्रकातून उतरत होती. पायरीवर तिचा पाय थांबला. हा प्रश्न आज ना उद्या येणार हे तिला माहीत होतं, आणि तो आला की लॉइडचं काय होईल याची तिला परीक्षेपेक्षा जास्त भीती वाटत होती.

लॉइडने खिशातून हात काढले, पण कागद घेतला नाही.

"छे हो," तो म्हणाला. "ड्रायव्हर ती. मी इथे राहतो."